डॉक्टरांची उजळणी : एक ऐतिहासिक आढावा



आपल्याकडे एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. झाली म्हणजे मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. दारावर पाटी कधी लागणार याची चौकशी सुरू होते. आणि मग काही महिन्यांनी आई-वडिलांच्या लक्षात येते की, डॉक्टर झालेले हे लेकरू पूर्वीपेक्षाही अधिक अभ्यासाला बसले आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा जळतो आहे. अशा वेळी घरातले वडीलधारे सहजपणे विचारतात, "बेटा, डॉक्टर झालास ना? मग आता पुन्हा अभ्यास कसला?"

हा प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर सोपे नाही. साडेपाच वर्षे शिकलेले सर्व काही पुन्हा एकदा उजळून घेतल्याशिवाय कोणत्याही एका शाखेचे, म्हणजे मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग यांपैकी एखाद्या विषयाचे पुढील शिक्षण घेता येत नाही, हे त्याचे वरवरचे उत्तर होय. परंतु ही उजळणी म्हणजे नेमके काय? ती पुस्तकाची की रुग्णाची? वहीची की वॉर्डाची? या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे, आणि त्यातील शेवटचे प्रकरण आपल्या नाशिक शहरात लिहिले जात आहे. तो इतिहास थोडक्यात आपणांपुढे ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे.

बगदादमधील परीक्षा

वैद्यांची परीक्षा ही अलीकडची गोष्ट आहे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तिची एक ठळक नोंद इ.स. ९३१ सालची आहे. बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीमुळे रुग्ण दगावला. ही बातमी खलिफा अल-मुक्तदिर यांच्या कानी गेली. त्यांनी हुकूम काढला की, यापुढे सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कोणीही वैद्यकीचा व्यवसाय करू नये. त्या परीक्षेला बगदाद शहरातील आठशे साठांहून अधिक वैद्य बसले, असे जुने चरित्रकार सांगतात. ज्यांची कीर्ती आधीच सिद्ध होती आणि जे दरबारच्या सेवेत होते, त्यांना मात्र त्यातून सूट होती.

याच परीक्षेची एक गमतीदार हकीकत प्रसिद्ध आहे. उत्तम पोशाख केलेला एक वृद्ध गृहस्थ सिनान यांच्यापुढे आला आणि त्याने दिनारांची पुडी पुढे सरकवली. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, पण या व्यवसायावर कुटुंब चालते, असे त्याने प्रांजळपणे कबूल केले. सिनान यांनी त्याला एका अटीवर परवानगी दिली : ज्या रोगाचे ज्ञान नाही त्याला हात लावायचा नाही, आणि रक्त काढणे किंवा जालीम जुलाब देणे असले उपाय करायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. "कोणाजवळ शिकलास?" असे विचारता तो म्हणाला, "वडिलांजवळ." वडील कोण, तर कालचेच ते वृद्ध गृहस्थ! सिनान हसले आणि त्यालाही तीच अट घातली. गोष्ट हसण्यासारखी खरी, पण आपल्याला काय येत नाही हे ओळखणे हा वैद्यकीय परीक्षेचा पहिला धडा आहे, हे तिच्यातून शिकण्यासारखे आहे.

त्या काळी उजळणीची साधनेही तयार झाली होती. नवव्या शतकातील हुनैन इब्न इसहाक यांनी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाचा ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिला. पुढे त्याचे लॅटिन रूप युरोपातील विद्यार्थ्यांनी कित्येक शतके वापरले. इब्न सिना यांनी तर वैद्यकाचा सारांश तेराशेच्या आसपास ओळींच्या पद्यात बांधला, तो अशासाठी की विद्यार्थ्याला पाठ करणे सोपे जावे. आजच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नसंचांचे आणि पाठांतराच्या युक्त्यांचे हे पूर्वजच म्हणायचे. विशेष म्हणजे हुनैन हे ख्रिस्ती होते आणि सिनान यांचे घराणे साबी पंथाचे. ज्ञानाच्या त्या बैठकीत धर्मावरून कोणाला उठवले जात नव्हते.

परंतु सर्वांत मोलाची पद्धत अल्-राझी यांची होती. ते बसत तेव्हा त्यांच्याभोवती शिष्यांची वर्तुळे असत. रुग्ण आला की प्रथम बाहेरच्या वर्तुळातील नवशिके त्याला तपासत. त्यांना उलगडा झाला नाही तर आतले, अधिक जाणते शिष्य पुढे होत. त्यांनाही जमले नाही तरच उस्ताद स्वतः बोलत. पाहिलेल्या रुग्णांच्या आणि वाचलेल्या ग्रंथांच्या त्यांनी केलेल्या टिपणांतून त्यांच्या मृत्यूनंतर 'अल्-हावी' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला. आजच्या मोठ्या रुग्णालयात इंटर्न, रेसिडेंट, लेक्चरर आणि प्रोफेसर अशा पायऱ्यांनी जो सकाळचा राऊंड होतो, तो याहून फारसा वेगळा नाही.

मुंबईतील पहिली पाऊले

आता आपण आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत १८२६ साली एक देशी वैद्यकीय शाळा निघाली होती. तिचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी मराठीतून वैद्यकाची पुस्तके तयार करण्याचा उद्योग केला. म्हणजे आपल्या भाषेतून आधुनिक वैद्यक शिकविण्याचा प्रयत्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झाला होता. दुर्दैवाने ती शाळा १८३२ साली बंद पडली.

पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय व्हावे असा ध्यास घेतला. ते १८३८ साली वारले, पण त्यांच्या नावाने ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. शेजारच्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये देऊ केले. ३ जानेवारी १८४३ रोजी कोनशिला बसली आणि १८४५ साली रुग्णालय व महाविद्यालय दोन्ही सुरू झाली. रुग्णालय आणि महाविद्यालय एकाच आवारात असणे ही साधी सोय नव्हती. त्यामागे एक विचार होता, आणि तो डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा होता.

मोरहेड हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य. त्यांचे शिक्षण एडिनबरो येथे झाले होते, आणि पॅरिसमध्ये त्यांनी लुई या प्रख्यात वैद्यांच्या हाताखाली रुग्णशय्येजवळचे शिक्षण पाहिले होते. लुई यांची शिस्त अशी होती की, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची, अनेक नोंदी एकत्र करून मोजायच्या आणि मगच निष्कर्ष काढायचा. मोरहेड यांनी हीच शिस्त मुंबईत रुजवली. व्याख्यान ऐकून डॉक्टर होता येत नाही, खाटेजवळ उभे राहून व्हावे लागते, असा त्यांचा आग्रह होता. जे.जे.च्या वॉर्डातील नोंदींवर आधारलेला त्यांचा हिंदुस्थानातील रोगांवरील मोठा ग्रंथ १८५६ साली प्रसिद्ध झाला.

या महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. ते मोजके आठ पदवीधर होते. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते, पारशी आणि ख्रिस्ती विद्यार्थीही होते. आज भाऊ दाजींचे नाव आपण संशोधक म्हणून घेतो आणि आत्माराम पांडुरंगांचे नाव प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून घेतो. पण वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे आणखी एक काम लक्षात ठेवण्यासारखे आहे. पदवी हाती पडल्यावर या पदवीधरांनी ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी ही संस्था चालविली. तेथे जमून ते एकमेकांसमोर आपण पाहिलेल्या रुग्णांविषयी निबंध वाचीत आणि त्यावर चर्चा करीत. त्यांच्यापुढे कोणतीही परीक्षा नव्हती, कोणी गुण देणार नव्हते. तरीही शिकलेले विसरू नये आणि नवे कळावे, म्हणून ते भेटत होते. महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या उजळणीची सुरुवात अशी झाली.

या पहिल्या आठांत मुसलमान नाव आढळत नाही. त्यानंतरची कित्येक वर्षेही आपल्या समाजाचे विद्यार्थी तेथे अगदी थोडे होते. याचे कारण वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात शोधून सापडणार नाही, ते शाळेच्या बाकावर सापडते. इंग्रजी शाळेत जाणारेच थोडे होते, तेथे डॉक्टर कोठून होणार? बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली, ती हीच उणीव ओळखून. पाया घातल्याशिवाय माडी चढत नाही, ही गोष्ट शिक्षण संस्था चालविणाऱ्यांनी तेव्हापासून सांगितली आहे.

एम.डी. म्हणजे काय होते?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६० साली ग्रँट मेडिकल कॉलेज त्याला जोडले गेले. पुढे एल.एम. अँड एस. ही पदवी रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिची जागा एम.बी.बी.एस.ने घेतली. एम.डी. ही त्यावरची पदवी मात्र अनेक वर्षे अत्यंत दुर्मिळ होती. मुंबई विद्यापीठाचे पहिले एम.डी. म्हणून डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांचे नाव घेतले जाते. त्यांनी ही पदवी १८७६ साली मिळविली. हेच कुंटे ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवीत असत आणि याच कुंट्यांनी वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'ची संशोधित आवृत्ती १८८० साली सिद्ध केली. एका हाताने नवे शिकत असताना दुसऱ्या हाताने जुने तपासून पाहणारा हा माणूस विशेषज्ञ होण्याचा खरा अर्थ समजला होता.

वाचलेले आणि पाहिलेले यांची गाठ पडली की काय होते, याचे एक उदाहरण १८९६ सालचे आहे. त्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी एक रुग्ण तपासला. कडक ताप, आणि गाठ. व्हिएगास हे ग्रँट मेडिकल कॉलेजचेच पदवीधर. मुंबईतील त्या पिढीच्या डॉक्टरांनी ग्रंथिक प्लेग फक्त ग्रंथांत वाचलेला होता. तरीही व्हिएगास यांनी तो ओळखला आणि निर्भयपणे सांगितला. प्रथम पुष्कळांनी शंका घेतली, पण पुढे त्यांचे निदान खरे ठरले. रोग परीक्षेत विचारला जाईल की नाही असा हिशेब करून वाचले असते, तर ही गाठ त्यांना साधी गाठच वाटली असती.

दुसरे उदाहरण डॉ. रुस्तम जाल वकील यांचे. मुंबईत काम करणाऱ्या या हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि तो अभ्यास १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपल्या वैद्य-हकिमांना माहीत असलेली ही मुळी त्या निबंधामुळे जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत भरली. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. याच वकिलांच्या संपादनाखाली १९६९ साली असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचे मेडिसिनचे पाठ्यपुस्तक निघाले. तोपर्यंत आपले विद्यार्थी बहुतांशी विलायती पुस्तके वाचत. त्यांत आपल्याकडचा हिवताप, विषमज्वर, क्षय यांना मिळावी तेवढी जागा कोठून मिळणार? ज्या रुग्णाला तपासायचे आहे तो ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकाची उजळणी उपयोगी पडते.

वॉर्डात राहणारा विद्यार्थी

'रेसिडेंट' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ राहणारा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ पासून ऑस्लर आणि हॉल्स्टेड यांनी ही पद्धत घट्ट केली. विशेषज्ञ व्हायचे असेल तर रुग्णालयातच राहायचे, रात्री-अपरात्री रुग्णाजवळ उठून जायचे आणि हळूहळू जबाबदारी वाढवीत न्यायची. आपल्याकडे इंग्रजी वळणाने हाऊसमन आणि रजिस्ट्रार हे शब्द आले, पण गाभा तोच राहिला.

मुंबईच्या महाविद्यालयांत अनेक दशके पदव्युत्तर जागा मुख्यतः एम.बी.बी.एस.च्या गुणांवर मिळत असे. ज्याचे विद्यापीठातील गुण चांगले, त्याला हवी ती शाखा. या पद्धतीत एक दोष होता : महाविद्यालये वेगळी, परीक्षक वेगळे, विद्यापीठे वेगळी, मग गुणांची तुलना कशी करावी? पण तिच्यात एक चांगली गोष्टही होती. इंटर्नशिपचे वर्ष मोकळे असे. त्या वर्षी डोक्यावर दुसरी परीक्षा नसल्याने तरुण डॉक्टर वॉर्डात मन लावून काम करू शके. सुई टोचणे, टाके घालणे, बाळंतपण करणे, मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगणे, हे सारे त्या वर्षात हाताला लागत असे.

हे चित्र न्यायालयांच्या निर्णयांनी पालटले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात असे म्हटले की, केवळ राज्यातले रहिवासी म्हणून सर्वच जागा राखून ठेवणे समतेच्या तत्त्वात बसत नाही. त्यातून पुढे सरकारी महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी २५ टक्के जागांसाठी अखिल भारतीय प्रवेश परीक्षा सुरू झाली. साल होते १९८८. २००५ मध्ये हा वाटा ५० टक्के झाला. गरिबाच्या आणि लहान गावच्या मुलालाही दिल्ली किंवा चंदीगडचे दार उघडले, हा त्याचा मोठा लाभ. तो लाभ आपण नाकारू नये. पण परीक्षेचे रूप बदलले. लांब उत्तरे गेली आणि चार पर्यायांचे प्रश्न आले.

नंतरच्या घटना अलीकडच्या आहेत. २०१३ च्या प्रवेशांसाठी नीट-पीजी ही एकच देशव्यापी परीक्षा घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. २०१६ साली तो निर्णय मागे घेतला गेला आणि कायद्यातही तरतूद झाली. २०१७ च्या प्रवेशांपासून नीट-पीजी कायमची झाली. एम.बी.बी.एस.च्या एकोणीस विषयांवर दोनशे प्रश्न, साडेतीन तासांचा अवधी, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकल्यास एक गुण वजा, असे तिचे स्वरूप पुढे ठरले. २०२४ पासून तिचे चाळीस-चाळीस प्रश्नांचे पाच भाग करण्यात आले आणि प्रत्येक भागाला बेचाळीस मिनिटे बांधून देण्यात आली. एक भाग संपला की मागे वळून पाहता येत नाही.

नाशिकचे स्थान

आता नाशिक. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. १९९० साली मराठा विद्या प्रसारक समाजाने आडगाव येथे वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा नाशिकच्या मुलांना घरून डबा घेऊन मेडिकल कॉलेजला जाण्याची सोय झाली. पुढे १० जून १९९८ रोजी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. तोवर निरनिराळ्या विद्यापीठांत विखुरलेले राज्याचे बहुतेक वैद्यकीय शिक्षण, म्हणजे ॲलोपॅथी, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, एका छत्राखाली आले. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावच्या मन्सुरा येथील मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजचा विद्यार्थी आणि मुंबईच्या जे.जे.चा विद्यार्थी या दोघांच्या पदवीवर एकाच विद्यापीठाचे नाव येऊ लागले. ते विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. कित्येक नाशिककर त्याच्यासमोरून वणीला जातात, पण राज्यातले बहुतेक नवे डॉक्टर येथील परीक्षेतून जातात, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

पदव्युत्तर प्रवेशाची राज्यस्तरीय परीक्षाही काही वर्षे याच विद्यापीठाने घेतली. आज प्रवेश परीक्षा देशपातळीवर असली तरी एम.डी.-एम.एस.ची अंतिम परीक्षा विद्यापीठाचीच. आणि येथे एक मोठी गंमत आहे, ती विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. आत शिरण्याची परीक्षा चार पर्यायांची आहे. पण बाहेर पडण्याची परीक्षा अजूनही मोरहेड यांच्या वळणाची आहे. चार लेखी पेपर, एक प्रबंध, आणि मग प्रात्यक्षिक. लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायवा. विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. त्याच्याशी बोलायचे, त्याला तपासायचे आणि परीक्षकांपुढे उभे राहून सांगायचे : याला काय झाले आहे, तसे मला का वाटते, आणि दुसरे काय असू शकते.

तेथे पर्याय छापलेले नसतात. समजा, सटाण्याकडचा एखादा शेतमजूर समोर बसला आहे. तो म्हणतो, "डॉक्टर, अंगात कसकस असते, भूक मेली आहे." प्रश्नपत्रिकेत हाच माणूस आला असता तर त्याच्याबरोबर दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्रीचा घाम आणि घटलेले वजन ही माहिती आयती मिळाली असती, आणि क्षयरोग हे उत्तर पाच सेकंदांत सुचले असते. वॉर्डात ती माहिती आपल्यालाच काढावी लागते. खोकला किती दिवसांचा, हे विचारले नाही तर तो सांगत नाही. घरात कोणाला पूर्वी टी.बी. झाला होता का, हे विचारताना शब्द जपून वापरले नाहीत तर तो खोटे सांगतो. ही कला पुस्तकाच्या उजळणीने येत नाही.

रुग्णांनी घेतलेली परीक्षा

२०२० साली हे सर्वांना नव्याने कळले. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावात कोरोनाची मोठी लाट आली. राज्यभर अस्थिरोगाचे, नेत्ररोगाचे, त्वचारोगाचे रेसिडेंट कोविड वॉर्डात उभे राहिले. ज्यांनी वर्षानुवर्षे फक्त हाडे किंवा डोळे पाहिले होते, त्यांना श्वासाचा वेग मोजणे, ऑक्सिजनचे प्रमाण पाहणे आणि कोणता रुग्ण तासाभरात ढासळेल हे ओळखणे पुन्हा शिकावे लागले. एकोणीस विषयांपैकी कोणताही विषय आपला नाही असे डॉक्टरला म्हणता येत नाही, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले. १८ एप्रिल २०२१ ला ठरलेली नीट-पीजी पुढे ढकलली गेली आणि ११ सप्टेंबर २०२१ ला झाली. मधल्या काळात हजारो तरुण डॉक्टर परीक्षेची पुस्तके बाजूला ठेवून पी.पी.ई. किट घालून काम करीत होते. त्यांना त्याचे गुण कोणी दिले नाहीत, पण ते जे शिकले ते त्यांना जन्मभर पुरेल.

शासनानेही यातून आणि पूर्वीच्या अनुभवांतून काही गोष्टी नियमांत आणल्या आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम केले पाहिजे, असा नियम २०२० साली झाला. विलायतेतही आता असाच विचार दिसतो. तेथे अनेक शाखांच्या प्रशिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या निवड परीक्षेत दोन पेपर असतात : एक रुग्णविषयक प्रश्नांचा, आणि दुसरा व्यवसायातील पेचप्रसंगांचा, म्हणजे अशा वेळी तुम्ही कसे वागाल याचा. नुसती माहिती पुरेशी नाही, विवेकही तपासला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले आहे.

आपण काय करावे?

इतिहास सांगून थांबलो तर तो निव्वळ करमणुकीचा होईल. म्हणून दोन शब्द विद्यार्थ्यांशी आणि दोन पालकांशी.

विद्यार्थी मित्रांनो, आज इंटर्नशिपचे वर्ष ही मोठी काळजीची बाब झाली आहे. प्रवेश परीक्षेच्या धास्तीने अनेक इंटर्न सकाळी हजेरी लावून वाचनालयात किंवा क्लासमध्ये जाऊन बसतात. त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. पण त्या वर्षात जो हात तयार व्हायचा तो झाला नाही, तर पुढे रँक चांगली येऊनही रात्री तीन वाजता एकट्या रेसिडेंटला घाम फुटतो, आणि त्याचा खरा दंड रुग्ण भरतो. म्हणून वॉर्ड आणि वही यांचे वैर मानू नका. रोज पाहिलेल्यांपैकी एक रुग्ण निवडा. त्याचे नाव वगळून, त्याची तक्रार, तपासणी, तुमचे निदान आणि शेवटी काय निघाले हे एका वहीत पानभर लिहा. रात्री त्याच रोगाचे प्रकरण पुस्तकात वाचा आणि त्यावरचे प्रश्न सोडवा. शिकलेले किती झपाट्याने विसरते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच दाखवून दिले आहे. थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतराने स्वतःला प्रश्न विचारून आठवणे, हाच त्यावरचा चांगला उपाय. नुसते रंगीत रेघा मारून पुन्हा वाचल्याने समाधान मिळते, ज्ञान टिकत नाही. आणि आठवड्यातून एकदा चार मित्र जमा. एकाने रुग्ण सांगावा, तिघांनी प्रश्न विचारावेत. भाऊ दाजींच्या पिढीने हेच केले होते, आणि अल्-राझींच्या शिष्यांनीही.

पालकांनो, घरात डॉक्टर झालेल्या मुलाला पुन्हा अभ्यास करताना पाहून अधीर होऊ नका. शेजारच्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वीच दवाखाना टाकून बसला, अशी तुलना करू नका. लग्नाची आणि कमाईची घाई त्याच्या या एक-दोन वर्षांवर लादू नका. विशेषतः मुलींच्या बाबतीत हे फार जपा. एम.बी.बी.एस. झालेल्या किती तरी मुली या टप्प्यावर घरच्या दडपणाने थांबतात, आणि मग आपल्याच आया-बहिणी गावात स्त्रीरोगतज्ज्ञ बाई मिळत नाही म्हणून हळहळतात. दुसरे असे की, महागड्या क्लासच्या जाहिरातींना भुलून कर्ज काढण्याआधी मुलाला एवढेच विचारा : "बेटा, आज वॉर्डात काय पाहिलंस?" या प्रश्नाचे उत्तर तो उत्साहाने देत असेल तर त्याचा अभ्यास योग्य वाटेवर आहे असे समजा.

मराठीत उजळणी हा शब्द मूळचा पाढ्यांचा. लहानपणी आपण सर्वांनी शाळेत सुरात पाढे म्हणून उजळणी केली आहे. पाढे पाठ करायचे ते बाजारात हिशेब चुकू नये म्हणून, गुरुजींना म्हणून दाखविण्यासाठी नव्हे. डॉक्टरची उजळणीही तशीच. ती परीक्षकासाठी सुरू होते, पण तिचा हिशेब शेवटी ओपीडीच्या बाकावर, केस पेपर हातात धरून आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या माणसापाशी होतो. तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारायचे नसते. त्याला काय होते आहे, एवढेच विचारायचे असते.

आपल्या संस्थेच्या शाळांतून आज जी मुले-मुली विज्ञान शाखेकडे जात आहेत, त्यांच्यापैकी काहीजण उद्या म्हसरूळच्या विद्यापीठाची परीक्षा देतील आणि लाँग केसच्या रुग्णासमोर उभे राहतील. त्या वेळी त्यांच्या खिशात रुग्णांच्या नोंदींची एक जीर्ण वही असावी, एवढीच या लेखकाची सदिच्छा आहे.